वाचकांचे प्रश्न : नदीकाठचं संकुल आणि पाण्याची पातळी

खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, वर घरं अशी संकुलं आता शहरांतल्या नदीकाठी उभी राहू लागली आहेत. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी आठ या अंकात घेतली आहेत. बहुतेक पत्रं पुणे परिसरातली आहेत. एक कराडहून आलं आहे, एक सांगलीहून आणि एक जर्मनीहून.

मुठेकाठी पाऊण हेक्टरचा प्लॉट आहे. निळी आणि लाल, दोन्ही पूररेषा त्यातून जातात. दुकानं, कार्यालयं आणि सुमारे ऐंशी घरं बसवायची आहेत. आराखड्याची सुरुवात कुठून करावी? – एक तरुण वास्तुविशारद, पुणे

प्लॅन बाजूला ठेवा आणि आधी सेक्शन काढा. नदीच्या पलीकडच्या काठापासून पात्र, अलीकडचा काठ, तुमचा प्लॉट आणि मागचा रस्ता, असा एकच लांब छेद. पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी जिथवर पोचतं ती हद्द (निळी लहान पुराची, लाल मोठ्या), नकाशावर रेघ म्हणून दिसते, पण मुळात ती समुद्रसपाटीपासूनची उंची असते. जमिनीच्या चढउतारावर ती उंची जिथे टेकते, तिथे रेघ उमटते.

इथेच पहिली आणि सगळ्यांत महाग चूक होते. जलसंपदा विभागाच्या प्रमाणित नकाशावर पातळी समुद्रसपाटीपासून दिलेली असते, समजा 547.60 मीटर. सर्व्हेअर मात्र गेटजवळच्या एखाद्या ओट्याला 100.00 धरून सगळ्या लेव्हल काढतो. दोन्ही आकडे एकाच ड्रॉइंगवर येतात आणि मधला फरक कोणीतरी अंदाजाने भरून काढतं. त्यात चाळीस सेंटीमीटरची चूक झाली, तर नियमाने दिलेली 45 सेंटीमीटरची (ती पुढे येते) जवळपास सगळी सूट तिथेच संपते. म्हणून सर्व्हेची ऑर्डर देतानाच लिहून द्या की भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कपासून लेव्हल आणायची, जाऊन-येऊन तपासायची आणि प्लॉटवर हलणार नाहीत असे निदान दोन काँक्रीटचे खुंट रोवून त्यांवर ती लिहायची. प्लॉटवर दर 10 मीटरला आडवे छेद घ्या.

दुसरी गोष्ट, पुराच्या पाण्यालाही उतार असतो. तुमच्या प्लॉटच्या वरच्या टोकाला लाल रेषेची पातळी खालच्या टोकापेक्षा थोडी जास्त असणार. लांबट प्लॉट असेल, तर वरच्या टोकाची पातळी सगळीकडे धरा.

मग नियम. डिसेंबर 2020 पासून राज्यात लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे युडीसीपीआर म्हणतात त्यात, काठ आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध आहे. बाग, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांचा भाजीबाजार, वाहिन्या असे मोजके वापर तिथे चालतात. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित आहे. तिथे लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. रेषेत अडकलेल्या जमिनीचा एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम, उरलेल्या जमिनीवर वापरता येऊ शकतो. या तरतुदीचा पुरेपूर फायदा घ्या, कारण तिच्यामुळेच नदीकडचा भाग मोकळा ठेवणं परवडतं. इमारत रस्त्याच्या बाजूला उंच करा, नदीच्या बाजूला पसरवू नका.

निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. या शब्दांनी ग्राहकाची फसगत होते. 100 वर्षांतून एकदा याचा अर्थ दर पावसाळ्यात एक टक्का शक्यता. इमारत 60 वर्षं उभी राहणार असेल, तर त्या काळात पाणी एकदा तरी लाल रेषेला लागण्याची शक्यता 45 टक्के होते. शिवाय 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर धरण फुटल्याने आला होता. शंभर वर्षांच्या पावसाच्या हिशेबात तसला पूर बसतच नाही. म्हणून 0.45 मीटर हा किमान आकडा समजा आणि शक्य तिथे एक मीटर ठेवा.

भागीदारांचं म्हणणं आहे की सगळ्या प्लॉटवर भराव टाकून जमीनच लाल रेषेच्या वर न्यावी. मग स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळमजला) नको, रॅम्प नको. यात चूक काय? – एक विकासक, पुणे

हिशेब करून पाहा. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून मुठेत 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं. 35.3 क्युसेक म्हणजे एक घनमीटर प्रतिसेकंद, तेव्हा हे पाणी सेकंदाला सुमारे 990 घनमीटर झालं. पाण्याचा वाहण्याचा पट्टा 100 मीटर रुंद आणि वेग सेकंदाला अडीच मीटर धरला, तर खोली सुमारे 4 मीटर येते. आता भरावाने तो पट्टा 80 मीटरवर आणा. तेवढंच पाणी, तोच उतार. खोली 4.57 मीटरच्या आसपास जाते आणि वेगही वाढतो.

म्हणजे पाणी 57 सेंटीमीटरने चढलं, आणि नियमाने दिलेली सूट 45 सेंटीमीटरची आहे. भराव घालून तुम्ही वर गेलात, पण त्यासाठी वापरलेली पूररेषाच आता खोटी ठरली. समोरच्या काठावर आणि तुमच्या वरच्या अंगाला जी जुनी घरं आहेत, त्यांच्या उंबऱ्यात तेच पाणी शिरतं. एका प्लॉटने एवढा फरक पडत नाही, हे खरं. पण काठावरचा प्रत्येक जण हेच म्हणतो.

म्हणून नियंत्रित पट्ट्यात खांबांवर उभं राहा आणि खालून पाणी जाऊ द्या. थोडा भराव टाळता येत नसेल, तर तेवढीच माती त्याच पातळीच्या पट्ट्यातून, आपल्याच आवारात उकरून काढा. वर भरून खाली खोल खड्डा खणला, तर आकडे जुळतील पण उपयोग होणार नाही. तो खड्डा पूर चढायच्या आधीच भरलेला असेल.

भरावाची दुसरी अडचण पायाची. नदीकाठच्या बऱ्याच प्लॉटवर आधीच राडारोडा टाकलेला असतो: विटांचे तुकडे, काँक्रीट, प्लास्टिक, काळी माती. तो वर्षानुवर्षं बसत जातो आणि बसताना पाइलला, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या पायाच्या खांबाला, खाली ओढतो. ही ओढ म्हणजे पाइलवरचा जादा भार. मुरुमापर्यंत जाऊन थांबू नका, बेसॉल्ट खडकात सॉकेट घ्या, म्हणजे पाइलचं टोक खडकात खोचा. खडक तपासायचे बोअर एकाच कोपऱ्यात न घेता काठाला लंब रेषेत घ्या, कारण खडक काठाकडे किती खाली जातो ते तसंच कळतं.

स्टिल्टच्या खांबांची रचना कशी असावी? भूकंपासाठी मोकळा तळमजला वाईट असं म्हणतात. – स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

बरोबर म्हणतात. वर भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली नुसते खांब, ही रचना भूकंपात खालच्या मजल्यावरच मोडते. कोयनेचा 1967 चा भूकंप आपल्याकडे विसरण्यासारखा नाही. आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे मोकळ्या मजल्यासाठी वेगळी ताठरता द्यावीच लागते, म्हणजे बहुधा शिअर वॉल, आडवा रेटा पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, लागतात. त्या दोन्ही दिशांना हव्यात आणि पाण्याला मात्र एकच दिशा मोकळी हवी. यातून वाट अशी, की प्रवाहाला समांतर भिंती कुठेही ठेवा, पण आडव्या भिंती जिना-लिफ्टच्या गाभ्यात एकवटा. तो गाभा शक्य तितका रस्त्याकडे सरकवा. प्रवाहात येणारे खांब गोल किंवा कोपरे मारलेले असावेत, प्रवाहाच्या दिशेने एका ओळीत, आणि फुटिंगचा (खांबाच्या पायाचा) माथा प्रवाहाने माती जिथवर धुपते त्या खोलीखाली. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार बांधली आहे. कृष्णेचं पाणी तिच्यावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जातं. खांबाला नेमकं तेच करायचं असतं.

आणि ताबा दिल्यावर स्टिल्टमध्ये जिम, सोसायटीचं ऑफिस, सामानाची खोली असं काही उभं राहणार नाही, हे विक्री करारातच लिहा. दोन खांबांमधली एक विटेची भिंत पाणीही अडवते आणि भूकंपात खांबावर वेडावाकडा ताणही आणते.

गाड्या खूप आहेत. लाल रेषेच्या बाहेर दोन मजली बेसमेंट घेतलं तर चालेल ना? – बांधकाम व्यवस्थापक, पिंपरी-चिंचवड

रेषेच्या बाहेर नियम आड येणार नाही, पण भूजल रेषा पाहत नाही. नदी चढली की काठच्या मुरुमातलं पाणीही तिच्यामागून चढतं. दर मीटर पाण्याला तळाच्या स्लॅबवर खालून चौरस मीटरला एक टन दाब येतो. 4 मीटर पाण्याचा दाब नुसत्या वजनाने पेलायचा म्हटलं, तर 1.6 मीटर जाड काँक्रीट लागेल. एवढं कोणी ओतत नाही. म्हणून राफ्ट (सगळ्या तळाखालचा पायाचा स्लॅब) आणि वरच्या इमारतीचं वजन धरतात, किंवा तळाला खडकाशी बांधणारे अँकर घेतात. धोका असतो तो पोडियमच्या, म्हणजे इमारतीभोवती पसरलेल्या उंच स्लॅबच्या, खालच्या भागात, जिथे डोक्यावर इमारत नसते. आणि त्याहून मोठा बांधकाम चालू असताना. राफ्ट झाला, भिंती झाल्या, वरचे मजले अजून व्हायचेत आणि जूनमध्ये पाणी उपसायचे पंप बंद केले, की बेसमेंट उचललं जातं किंवा राफ्टला मधोमध तडा जातो. कितवा मजला होईपर्यंत उपसा चालू ठेवायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

जमिनीतल्या टाक्यांचंही तसंच. बाहेरून 10 मीटर लांब, 5 रुंद, 3 उंच अशी टाकी घ्या. भिंती 25 सेंटीमीटर, तळ 30, झाकण 20. काँक्रीटचं वजन भरतं साधारण 108 टन. ती बाजूला सारते 150 टन पाणी. रिकामी असताना भूजल माथ्याला आलं, तर ती तरंगणारच. 1.2 चा सुरक्षा गुणक धरला, तर 180 टन हवेत. तळाचा स्लॅब चारही बाजूंनी पाऊण मीटर बाहेर काढला, की त्यावर बसणारी माती उरलेलं वजन देते. हे ड्रॉइंग काढताना स्वस्तात होतं, नंतर होत नाही.

आता वरून येणारं पाणी. 6 मीटर रुंद रॅम्पच्या माथ्यावरून 30 सेंटीमीटर पाणी आत सांडायला लागलं, तर सेकंदाला सुमारे 1.7 घनमीटर आत येतं. 2,000 चौरस मीटरच्या बेसमेंटमध्ये सहा मिनिटांत गुडघ्याच्या जरा खाली पाणी होतं आणि तासाभरात 3 मीटर भरतं. कोणी गाडी काढायला खाली गेलेला असेल, तर सहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. म्हणून रॅम्पला आत उतरण्याआधी एक उंचवटा द्या आणि त्याचा माथा लाल रेषा अधिक 0.45 मीटरच्या वर ठेवा. हवेची धुराडी, प्रकाशाच्या झडपा, केबलचे पाइप, खिडक्या, सगळ्यांची कड त्याच पातळीच्या वर. केबलचे पाइप हमखास विसरले जातात. बाहेरच्या चेंबरमधून पाणी त्यांतूनच सरळ पॅनेलच्या खोलीत जातं.

आमचा सल्ला: एकच बेसमेंट घ्या आणि बाकीच्या गाड्या पोडियमवर न्या.

लाल रेषा रस्त्यापेक्षा 3 मीटर वर आहे. जोतं 3.45 मीटर घेतलं तर दुकानात चढून येणार कोण? – इंटिरियर डिझायनर, पुणे

या इमारतींचा खरा प्रश्न हाच आहे. 3.45 मीटर चढायला 15 सेंटीमीटरच्या 23 पायऱ्या लागतात. 1:12 चा रॅम्प केला तर 41 मीटरहून अधिक, आणि दर 9 मीटरला टप्पा धरला तर 47 मीटरच्या पुढे. तो इमारतीला चिकटवला, की दर्शनी भाग झाकला जातो आणि खाली अंधारी गाळ्यांची रांग उरते.

चढ एका जागी करू नका. रस्त्याकडून पहिला ओटा मीटरभर उंचीवर, त्यावर झाडं आणि बसायला कट्टे. दुसरा ओटा दोन-सव्वादोन मीटरवर. तिसरा दुकानांचा. प्रत्येक ओटा 5-6 मीटर रुंद असेल, तर माणूस चढतोय हे त्याला जाणवत नाही. रॅम्प या ओट्यांमधून तिरपा न्या आणि लिफ्टचा एक थांबा रस्त्याच्या पातळीवर द्या. ओटे भरावाचे नकोत, खांबांवरच्या स्लॅबचे हवेत, खालून पोकळ.

रस्त्याच्या पातळीवर भाजीचे ओटे, फिरत्या गाड्या, आठवड्याचा बाजार, सायकली, म्हणजे जे सगळं तासाभरात उचलता येतं तेवढंच. ज्या गाळ्याला शटर आणि फर्निचर लागतं, तो वरच. खालच्या ओट्यांवर फरशी कोटा किंवा ग्रॅनाइट, गिलावा सिमेंटचा. जिप्सम, प्लायवूड, एमडीएफ वर्ज्य. दिव्यांची वायर वरच्या मजल्यावरून खाली सोडा, खालून वर नेऊ नका, म्हणजे तेवढंच सर्किट बंद करता येतं.

सांगलीत आमच्या इमारतीचं जोतं उंच आहे, घरात पाणी येत नाही. तरी 2019 मध्ये आठवडाभर हाल झाले. नव्या संकुलात काय करायला हवं? – सोसायटीच्या सभासद, सांगली

पुण्यात धरणाचा विसर्ग कमी केला की पाणी तासांत उतरतं. सांगली-कोल्हापूरला ते दिवस-दिवस बसून राहतं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा जोतं कोरडं राहणं ही अर्धीच गोष्ट झाली, इमारत बेट म्हणून निदान पाच दिवस चालायला हवी.

पहिलं पाणी दारातून येत नाही, संडासातून येतं. नदी गटाराच्या वर चढली, की मैलापाणी उलटं येतं आणि सगळ्यांत खालच्या भांड्यातून बाहेर पडतं. उपाय म्हणून मुख्य लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवतात आणि तिथेच फसतात: व्हॉल्व्ह बंद झाला, की वरच्या मजल्यांचं मैलापाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि तेच तळमजल्यात उफाळतं. तळमजल्याची लाइन वेगळी काढा आणि व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर बसवा. वरच्या मजल्यांची लाइन व्हॉल्व्हच्या पुढे जोडा. तिच्यात उंचीचा दाब असतो, म्हणून नदी चढली तरी ती रिकामी होते. दर मे महिन्यात व्हॉल्व्हची झडप उघडून साफ करा. एक चिंधी अडकली तरी ती बसत नाही.

पावसाच्या पाण्याच्या मुखाशीही झडप लागते, आणि ती मिटल्यावर आवारात पडणारा पाऊस आतच साचतो. एक हेक्टर आवार, तासाला 50 मिलिमीटर पाऊस, त्यातला 80 टक्के वाहून येणारा: 400 घनमीटर, म्हणजे चार लाख लिटर. तेवढी टाकी, किंवा सेकंदाला 110 लिटर उपसणारे पंप, किंवा दोन्ही मिळून. पंपाची वीज जनरेटरवर हवी.

ट्रान्सफॉर्मर, मीटरची खोली, जनरेटर आणि त्याचं डिझेल, सगळं पोडियमवर. अग्निशमनाची टाकी खाली असलीच, तर उभ्या टर्बाइनचा पंप घ्या. त्यात मोटर वर राहते आणि पंखा पाण्यात. लिफ्टच्या खड्ड्यात फ्लोट स्विच बसवा, म्हणजे पाणी लागताच लिफ्ट वरच्या मजल्यावर जाऊन थांबेल. पिण्या-रांधण्यासाठी आणीबाणीत माणशी 20 लिटर धरा; 200 माणसांना पाच दिवसांसाठी 20 हजार लिटर. ती टाकी गच्चीवर, वेगळ्या कप्प्यात. आणि जिन्याच्या एका चौकाला बाहेर उघडणारं दार व दोर बांधायला पक्की कडी द्या, कारण होडी आली तर ती लावायला जागा लागते. पाणी कुठवर आलं ते सांगणारी खूणही रंगवा. नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून पूर ओळखतात. तुमच्या गेटच्या खांबावर फुटांचे आकडे आणि प्रत्येकासमोर करायचं काम लिहिलेलं असलं, तर वॉचमनला कोणाला विचारावं लागणार नाही.

मी हॅम्बुर्गमध्ये शिकतो. इथला हाफेनसिटी हा भाग एल्बे नदीकाठी मातीचे उंच चौथरे करून उभारला आहे. ते चालतं, तर पुण्यात भराव का नको? – एक विद्यार्थी

तिथे 1962 च्या फेब्रुवारीत वादळी भरतीने तीनशेवर माणसं गेली, त्यामुळे शहराला पाण्याचं भान आहे. हाफेनसिटी मुख्य बंधाऱ्याच्या बाहेर आहे. इमारती समुद्रसपाटीपासून 8-9 मीटर उंच चौथऱ्यांवर, गाड्या त्या चौथऱ्यांच्या पोटात, आणि काठचे फिरायचे रस्ते मुद्दाम खाली, बुडण्यासाठी ठेवलेले. पण तिथे पाण्याची पातळी समुद्राची भरती ठरवते. काठावर चौथरा बांधला म्हणून समुद्र काही चढत नाही. मुठेत पातळी ठरते ती वाहायला उरलेल्या जागेवरून, आणि चौथरा नेमकी तीच जागा खातो. चौथरे नका आणू. बुडू शकणारी काठची वाट आणि उंचावरून शहराकडे जाणारा कोरडा रस्ता मात्र जरूर आणा. हाफेनसिटीतल्या किबेलश्टेगसारखा दुमजली पूल इथे शक्य नसेल, तर निदान पोडियमवरून मागच्या उंच रस्त्याला जोडणारा, अग्निशमनाची गाडी पेलणारा एक रॅम्प.

काठाला भिंत, कुंपण आणि झाडं यांचं काय करावं? – एक लँडस्केप डिझायनर, पुणे

विटांचं बंद कुंपण घालू नका. एका बाजूला 2 मीटर पाणी साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर दोन टन रेटा येतो आणि नऊ इंची भिंत आडवी होते. रेलिंग घाला, पण सळ्यांमध्ये अंतर मोठं ठेवा. बारीक जाळीला जलपर्णी आणि प्लास्टिक अडकलं, की तिची भिंतच होते. उभ्या काँक्रीट भिंतीपेक्षा उतरता काठ बरा: खाली दगड, वर माती आणि मुळं. पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी, दोन्ही पुरात वाकतात आणि परत उभी राहतात. त्यावर करंज, जांभूळ, उंबर. नारळ-पामच्या रांगा माती धरत नाहीत.

नदीत मैलापाणी आहे तोवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिच्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो. नदीकडच्या बाजूला एसीची बाहेरची युनिट लावली, तर कॉइल काळी पडून गळायला लागते. युनिट आतल्या चौकाकडे घ्या, आणि तसं जमत नसेल तर कोटिंग केलेली कॉइल मागवा.